पत्रांचा गठ्ठा हाती आल्यावर: दोन महायुद्धांमधल्या विद्वानांचा खासगी पत्रव्यवहार कसा लावावा

घरच्या ट्रंकेत, वाचनालयाच्या माळ्यावर किंवा रद्दीच्या दुकानात १९१९ ते १९३९ या वर्षांतली पत्रे सापडली, की बहुतेक जण आधी ओळखीच्या सह्या शोधतात. मोठ्या नावांची पत्रे वर येतात, बाकीची खाली जातात आणि गठ्ठ्याचा मूळ क्रम कायमचा मोडतो. त्या काळात पोस्टकार्ड स्वस्त होते, टेलिफोन घरोघरी नव्हता, आणि ग्रंथ, कागदांच्या नकला, मुद्रिते, उसने पैसे, औषधांच्या पुड्या हे सगळे टपालानेच हलत असे. त्यामुळे सुटे पत्र वाचून फारसे काही हाती लागत नाही. ते कशाचे उत्तर आहे आणि त्याला काय उत्तर गेले, हे कळले तरच त्यातला राग, थट्टा किंवा घाई कळते. नवख्याने एवढा एक दंडक पाळावा: तारीख लागेपर्यंत मजकुराच्या नादी लागू नये.

उदाहरणांसाठी इथे मुख्यतः एकच जोडी घेतली आहे. 'मराठी रियासत' लिहिणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकार यांची मैत्री विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अर्धशतकभर टिकली आणि ती मुख्यतः इंग्रजी पत्रांवर चालली. पुढे, १९३० नंतर, माळव्यातल्या सीतामऊ संस्थानचे राजपुत्र आणि इतिहासकार रघुबीरसिंह त्यात तिसरे आले. आपल्या हाती येणारा गठ्ठा इतका नामांकित नसेल. एखाद्या संस्कृत शिक्षकाचा, मिरजेच्या किंवा धुळ्याच्या कागद जमवणाऱ्या गृहस्थाचा असेल. काम तेच.

गठ्ठा सोडण्याआधी

दोरी किंवा फडके सोडण्यापूर्वी गठ्ठ्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. दोरीखाली खोचलेली चिठ्ठी, वर लिहिलेले नाव, कोणत्या डब्यात होता ते सगळे त्यात यायला हवे. पुष्कळ विद्वान वर्षवार किंवा माणूसवार जुडगे बांधत. एखाद्या जुडग्यात मध्येच परक्या माणसाचे पत्र दिसले, तर ते चुकून गेले असे लगेच धरू नका. बऱ्याचदा मित्राने तिसऱ्याचे पत्र वाचायला म्हणून सोबत पाठवलेले असते आणि ते परत करायचे राहून गेलेले असते. ते उचलून 'योग्य' जागी ठेवलेत, तर सोबतच्या पत्रातले 'हे वाचून परत धाडावे' हे वाक्य अधांतरी राहते.

पाकिटातून काढलेले पत्र आणि पाकीट वेगळे करू नये. तिकिटे जमवणाऱ्यांनी पाकिटांचे कोपरे कापून नेलेले असतात. ते नुकसान झालेलेच असते, त्यात भर घालू नका. पाकीट हा पत्राचा निम्मा पुरावा आहे, हे पुढे तारखेच्या भागात दिसेलच.

पावसाळ्यात हे काम काढू नये, कोकणात आणि गोव्यात तर नाहीच. दमट हवेत घड्या चिकटतात आणि उलगडताना शाईचा पापुद्रा निघतो. घट्ट घडी असेल तर ओढू नका. कोरड्या दिवसांत दोन पांढऱ्या ब्लॉटिंग कागदांमध्ये ठेवून वर हलके वजन द्या आणि दोन-तीन दिवस जाऊ द्या.

कागद, शाई आणि टाचण्या

या काळातल्या पत्रांचा सर्वांत मोठा शत्रू टाचणी. लोखंडी टाचणी गंजली की कागदाला तांबूस भोक पडते आणि टाचणी सरळ ओढली तर त्याभोवतीचा तुकडा तिच्याबरोबर येतो. पत्र सपाट ठेवा, टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, कागद हाताने दाबून धरा आणि टाचणी आडवीच हळूहळू मागे घ्या. कोणते कागद एका टाचणीत होते याची नोंद काढण्याआधीच करा.

शाया तीन-चार प्रकारच्या भेटतात. निळी-काळी दौतीची शाई कालांतराने तपकिरी होते आणि जिथे हात जड पडला तिथे कागद खाते. असा कागद घडीवर वाकवू नका. कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले पत्र राखाडी दिसते, पण पाण्याचा थेंब पडला की तिथे गर्द जांभळा डाग फुटतो. ओल्या बोटाने पान उलटण्याची सवय असेल तर ती इथे घातक. टंकलेखित पत्रांत दोन जाती: प्रत्यक्ष गेलेले पत्र आणि कार्बन प्रत. पत्र टंकून झाल्यावर खाली हाताने एखादी ओळ लिहायची आणि मग सही करायची, अशी पुष्कळांची रीत होती. ती ओळ कार्बन प्रतीवर नसते, आणि बरेचदा खरे बोलणे तिथेच असते. म्हणून कार्बन प्रत हाती असेल तर नोंदीत तसे स्पष्ट लिहा. अगदी पातळ, झिरझिरीत कागदावर उलटी अक्षरे दिसली तर ती प्रेस-कॉपी, म्हणजे ओलसर कागद पत्रावर दाबून घेतलेली नक्कल. ती मागच्या बाजूने उजेडात धरून वाचतात.

सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यांतले काहीही लावू नये. लॅमिनेशन केलेले पत्र पुन्हा सोडवता येत नाही. डांबराच्या गोळ्या टाकून कपाट बंद करणे हा उपायही चांगला नाही, त्या वासात बसून काम करणाऱ्याला त्रास होतो. कडुनिंबाची वाळकी पाने घालायची असतील तर फडक्याच्या पुरचुंडीत; ती कागदाला लागली तर डाग पडतात. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. वाळवी आणि ओल, दोन्ही तिथूनच येतात.

दोन गोष्टी खराबी समजू नयेत. कार्डाचा एक कोपरा मुद्दाम फाडलेला असेल आणि माथ्यावर 'श्री' नसेल, तर ते निधनाची बातमी देणारे कार्ड असण्याचा संभव मोठा. आणि कोपऱ्यांवर तांबडे-पिवळे ठिपके असतील तर ते बुरशीचे नव्हेत, लग्न-मुंजीच्या पत्राला लावलेले हळदकुंकू आहे. हे डाग पुसायला जाणारे लोक आहेत, म्हणून सांगितले.

क्रमांक आणि नोंदवही

प्रत्येक पत्राला, जसे सापडले त्याच क्रमाने, मऊ पेन्सिलीने (२बी चालते) मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात क्रमांक द्या. पेन नाही, चिकटचिठ्ठी नाही. पाकिटाला तोच क्रमांक आणि पुढे 'पा'. दोन पानी पत्राला ४७/१, ४७/२. हा क्रमांक पुढे कधीही बदलायचा नाही. तारखेचा क्रम वहीत किंवा संगणकावर लावायचा, कागदांवर नाही.

नोंदवहीत रकाने फार नकोत. क्रमांक, लिहिणारा, घेणारा, कोठून, कोठे, पत्रावरची तारीख जशीच्या तशी, आपण लावलेली इंग्रजी तारीख, ती कशावरून लावली, कार्ड की पाकीट, भाषा आणि लिपी, आणि शेवटी दोन ओळींत विषय. यांतला 'कशावरून' हा रकाना लोक गाळतात. सहा महिन्यांनी '१९२८' का लिहिले ते स्वतःलाच आठवत नाही, आणि नंतरच्या माणसाला तर ते तपासताच येत नाही.

स्कॅन रंगीतच करा, ४०० डीपीआय पुरते. पुसट शिक्का वाचायचा असेल तर तेवढा भाग ६०० ने. कोरी मागची बाजूही घ्या, कारण तिथेच घेणाऱ्याने बारीक अक्षरात उत्तराची तारीख टिपलेली असते. मोबाइलने काढत असाल तर फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड आणि कागदाशेजारी पट्टी. पेन्सिलीचे पुसलेले लिखाण एकाच बाजूने अगदी आडवा उजेड टाकला की दाबाच्या खुणांवरून उमटते. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे संगणक आपोआप क्रम लावतो.

तारीख लावणे

खरे काम हे. पत्रावर पूर्ण तारीख असली तरी ती तपासायची, कारण जानेवारीत लोक सवयीने मागचे वर्ष लिहीत.

आधी कालगणना. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. शके १८४७ चा माघ म्हणजे १९२६, १९२५ नव्हे. संवत्सराचे नाव दिले असेल तर ताळा करता येतो: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी १ आली तर प्रभव, २ आली तर विभव, असे मोजत जा. शके १८४९ ला बाकी १ येते, म्हणून ते प्रभव संवत्सर. नाव आणि आकडा जुळत नसतील तर बहुधा आकडा चुकीचा वाचला गेलेला असतो. हस्ताक्षरात १ आणि ९ यांची गल्लत नेहमीची.

विक्रम संवतात घोळ जास्त, आणि बडोद्याच्या पत्रांत तो हमखास भेटतो. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेकडे चैत्रात. 'संवत १९८५, वैशाख' हे उत्तरेकडच्या पत्रावर असेल तर १९२८ आणि गुजराती पत्रावर असेल तर १९२९. महिन्यांचेही तसेच. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, पण काशीहून आलेल्या पत्रातला श्रावण वद्य म्हणजे आपला आषाढ वद्य. पूर्ण महिन्याची चूक इथे होते. टिळक पंचांग मानणाऱ्यांच्या घरी क्वचित अधिक मास निराळा पडतो, तेही लक्षात ठेवा. बंगाली सन असेल तर वैशाखापासून डिसेंबरअखेर ५९३ आणि जानेवारीपासून चैत्रअखेर ५९४ मिळवा.

युरोपातल्या पंडितांची पत्रे असतील तर महिना रोमन आकड्यांत सापडतो. मधला आकडा रोमन सात असेल तर जुलै, शंकाच नाही. पण नुसते ५/७/२७ असेल तर लिहिणारा कोण ते पाहा. इंग्रज आणि पोर्तुगीज दिवस आधी लिहितात, अमेरिकन महिना आधी.

इंग्रजी पत्रांतली तीन संक्षिप्त रूपे तोंडपाठ असावीत. तारखेपुढे 'इन्स्ट.' म्हणजे चालू महिना, 'अल्ट.' म्हणजे मागचा, 'प्रॉक्स.' म्हणजे पुढचा. 'तुमचे १४ अल्ट. चे पत्र' असे ४ ऑक्टोबरला लिहिले असेल तर ते १४ सप्टेंबरचे. नवखे लोक हे सोडून देतात, आणि दोन्ही बाजूंची पत्रे जुळवायचा सर्वांत सोपा धागा हातचा जातो.

आता टपाल. कार्डावर पाठवणाऱ्या आणि पोचलेल्या ठाण्याचे शिक्के बहुधा पत्त्याच्या बाजूलाच मिळतात. पाकिटावर पोचल्याचा शिक्का मागे असतो. शिक्क्यातले वर्ष सर्वांत आधी पुसट होते, म्हणून तिकिटाकडे वळावे लागते. पोस्टकार्डाचा दर १९२२ पर्यंत पाव आणा होता, त्या वर्षी अर्धा आणा झाला आणि १९३१ च्या अखेरीस पाऊण आणा, म्हणजे नऊ पै. जुने पाव आण्याचे छापील कार्ड शिल्लक असेल तर लोक वर उरलेल्या पैशांचे तिकीट चिकटवून ते वापरीत. दोन्हींची बेरीज करा, छापील किंमत पाहून फसू नका. पाकिटाचा दर १९२२ मध्ये एक आणा आणि १९३१ अखेर सव्वा आणा झाला, पण पुढे हलक्या पाकिटाला पुन्हा एक आणा आला, म्हणून पाकिटाचे तिकीट काळ ठरवायला कच्चे. तिकीट कमी पडले तर नॉटपेड होऊन घेणाऱ्याला तुटीच्या दुप्पट भरावे लागे, तो शिक्काही दर ओळखायला उपयोगी पडतो.

तिकिटाचे चित्र 'याआधीचे नाही' एवढेच सांगते. नवी दिल्लीच्या इमारतींची तिकिटे १९३१ ची, पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाची मे १९३५ ची, सहाव्या जॉर्जची १९३७ पासूनची. विमान टपालाची निळी चिठ्ठी इंग्लंडच्या पत्रावर असेल तर ते मार्च १९२९ नंतरचे, कारण लंडन–कराची सेवा तेव्हा सुरू झाली. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासकडे टाटांचे टपाल विमान ऑक्टोबर १९३२ मध्ये उडू लागले. मार्च १९२९ पूर्वीचे परदेशी टपाल बोटीने, मुंबई ते लंडन दोन-तीन आठवडे. एकाचे उत्तर येण्याआधी दुसऱ्याचे पुढचे पत्र निघालेले असे. मग तारखेने लावलेला क्रम संवादाचा क्रम राहत नाही. अशा पत्रव्यवहारात नोंदवहीला 'कोणत्या पत्राचे उत्तर' असा एक रकाना वाढवा. पाकीट उघडून पुन्हा पट्टीने बंद केले असेल आणि तपासनिसाचा शिक्का असेल तर सप्टेंबर १९३९ नंतरचे धरायला हरकत नाही. पहिल्या युद्धाच्या वेळचेही असे शिक्के आहेत, पण राजाचा चेहरा दोन्हींत वेगळा.

हे सगळे एकत्र कसे चालते ते पाहू. समजा, सरदेसायांनी सरकारांना लिहिलेले एक कार्ड आहे. आत फक्त 'शुक्रवार' आणि चार ओळी. शिक्का कामशेतचा, १४ सप्टेंबर, वर्ष पुसलेले. १४ सप्टेंबरला शुक्रवार १९२३, १९२८ आणि १९३४ या वर्षी आला. कार्डावर एकूण अर्धा आणा लागलेला आहे, म्हणजे १९३४ गेले, तेव्हा पाऊण आणा लागत होता. १९२३ मध्ये सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत होते, ती त्यांनी १९२५ मध्ये सोडली आणि मग कामशेतला राहिले. रजेवर आले असतील ही शक्यता उरते, पण १९२८ कडे पारडे झुकते. इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नये. कार्ड शुक्रवारी लिहून शनिवारी पेटीत पडले असेल तर? मग शुक्रवार १३ तारखेचा हवा, आणि तो १९२९ मध्ये येतो. १९२९ मध्येही अर्ध्या आण्याचेच कार्ड, पत्ता कामशेतच. आता कार्ड उलटून पत्त्यातले नाव पाहा. सरकारांना 'सर' हा किताब १९२९ च्या जूनमध्ये जाहीर झाला आणि ऑगस्टमध्ये सिमल्याला समारंभ झाला. सप्टेंबर १९२९ च्या कार्डावर पत्त्याच्या बाजूला 'सर जदुनाथ' असण्याचीच शक्यता जास्त. नसेल, तर १९२८ बळकट झाले. नोंदवहीत '१४ सप्टेंबर १९२८ (वार, दर, पत्ता, किताब)' असे लिहा आणि पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवा, कारण मित्र पत्त्यावरही कधीकधी किताब गाळतात.

पत्त्यांचा असा तक्ता प्रत्येक माणसासाठी आधीच करून ठेवावा. सरकार १९१९ ते १९२३ कटकला, मग १९२६ पर्यंत पाटण्याला, ऑगस्ट १९२६ ते ऑगस्ट १९२८ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे बराच काळ दार्जिलिंगला. पण उन्हाळ्यात माणसे थंड हवेला जातात, तेव्हा दार्जिलिंगचा पत्ता एकटा काही सिद्ध करत नाही. छापील मथळ्याचा कागद तर अजिबात नाही. घर बदलल्यावर जुना कागद संपेपर्यंत वापरणे ही त्या पिढीची रीतच होती.

मायना आणि शेवट

तारखा लागल्या की मजकुराआधी सगळ्या पत्रांचे फक्त मायने आणि शेवट एका कागदावर ओळीने उतरवून काढा. नाते कसे सरकत गेले ते तिथे उघडे दिसते. मराठीत वडीलधाऱ्याला 'ती. स्व.' (तीर्थस्वरूप) आणि 'शि. सा. न. वि. वि.' (शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष), बरोबरीच्या पण दूरच्याला 'रा. रा.' (राजमान्य राजेश्री) आणि 'सा. न. वि. वि.' (साष्टांग नमस्कार), जवळच्याला 'स. न. वि. वि.' (सप्रेम नमस्कार), धाकट्याला 'चि.' (चिरंजीव) आणि 'अ. उ. आ.' (अनेक उत्तम आशीर्वाद). शास्त्र्यांना 'वे. शा. सं.' (वेदशास्त्रसंपन्न). साष्टांगाचा सप्रेम झाला त्या पत्राच्या आगेमागे काहीतरी घडलेले असते: भेट, मुक्काम, एखादे संकट. उलटही होते. सप्रेमवरून कोणी एकदम 'रा. रा.' वर गेला तर भांडण शोधा. इंग्रजीतही 'डिअर सर', मग आडनाव, मग 'माय डिअर' अशा पायऱ्या आहेत, पण तिथे थोडे सांभाळून. 'माय डिअर' हा काही जणांचा नुसता शिष्टाचार असतो. त्याच माणसाची इतरांना गेलेली पत्रे पाहिल्याशिवाय त्याला जिव्हाळा म्हणू नये.

'लो. अ.' (लोभ असावा) याच्या पुढची जागा, म्हणजे 'ता. क.' (ताजा कलम), नीट वाचा. ताजा कलम हा घाईत आठवलेला मजकूर असल्याने घरची बातमी, पैशाचे बोलणे आणि कोणाविषयीची खरी नाराजी तिथे जास्त सापडते. समासात उभे लिहिलेले, कार्ड फिरवत फिरवत चारही बाजूंनी भरलेले लिखाण हे त्याचेच पुढचे रूप. कोणती ओळ आधी, कोणती नंतर हे शाईच्या दाटपणावरून आणि कोणती ओळ कोणत्या ओळीला चुकवून गेली आहे त्यावरून कळते. जोडकार्ड असेल तर उत्तराचा कोरा अर्धा फाडून पाठवायचा असे. तो अजून जोडलेला असेल तर उत्तर गेले नाही किंवा पाकिटातून गेले.

नावांचा घोळ

पत्रात माणसे अर्ध्या नावाने येतात, आणि इथे चुका छापल्या जातात. १९२२ च्या पत्रातले 'खरे' बहुधा मिरजेचे वासुदेवशास्त्री; ते १९२४ मध्ये वारले. १९३५ च्या पत्रात, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संदर्भात 'खरे' आले तर ते गणेश हरी. 'केतकर' म्हणजे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश की ज्योतिषी व्यंकटेश बापूजी, हे विषयावरून ठरते. इंग्रजी पत्रातले 'व्ही. के. राजवाडे' तर फारच फसवे, कारण विश्वनाथ काशिनाथ आणि त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ या दोघांची इंग्रजी आद्याक्षरे एकच. इतिहासाचार्य विश्वनाथ ३१ डिसेंबर १९२६ ला गेले. त्यानंतरच्या पत्रात 'राजवाडे यांस भेटलो' असे असेल, किंवा निरुक्ताचा (वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथाचा) विषय असेल, तर ते वैजनाथ.

'नाना', 'अण्णा', 'दादा', 'बापू' यांचा वेगळा तक्ता करा आणि प्रत्येकापुढे कोणाच्या पत्रात ते लिहा. एकाच गठ्ठ्यात दोन अण्णा असणे अगदी साधी गोष्ट आहे. घरातल्या बायकांची नावे क्वचितच येतात; 'घरची मंडळी', 'सौ.' असेच उल्लेख असतात. तेही सूचीत घ्या. आजार, बाळंतपणे, पाहुण्यांचे मुक्काम त्यांच्याच नोंदींनी लागतात, आणि एखादे तारखेविना राहिलेले पत्र अशा एका बाळंतपणावरून जागेवर बसते.

उतारा करताना

आता वाचा. आणि उतरवताना सुधारू नका. त्या काळचे मराठी लेखन 'घरांत', 'नाहीं', 'त्यानें', 'कां' असे अनुस्वार देऊन होत असे; ते काढून आजच्या नियमांत बसवले की लिहिणाऱ्याची शिस्त किंवा बेशिस्त दोन्ही पुसली जाते. आपण घातलेले काहीही चौकटी कंसात, शंकास्पद शब्दापुढे [?], गेलेल्या जागी [फाटले] आणि अंदाजे किती अक्षरे. खोडलेला मजकूर वाचता येत असेल तर खोडलेला म्हणूनच द्या. मित्राला लिहिताना माणूस कोणते विशेषण खोडतो, ते फुकट जाऊ देऊ नये.

मोडीतली पत्रे या काळातही भरपूर आहेत, विशेषतः जुन्या पिढीची आणि घरगुती. मोडीत शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरे सलग लिहितात, शब्द तोडत नाहीत, आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणून देवनागरीत उतरवताना शब्द तोडणे हा आपला निर्णय आहे, हे टीपेत एकदा सांगून टाका. शिकायचे तर छापील तक्त्यावर फार रेंगाळू नका. ज्या माणसाची पत्रे आहेत त्याच्याच हाताचा तक्ता करा. मायना आणि शेवट ठरलेले असतात, त्यांतून त्याची तीस-चाळीस अक्षरे न अडता मिळतात, आणि मग मजकूर सुटू लागतो. गोव्याच्या बाजूची पत्रे पोर्तुगीजमध्ये असू शकतात. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या अभ्यासकाच्या भोवतालच्या पत्रव्यवहारात तीन-चार भाषा हातात हात घालून येतात. न येणाऱ्या भाषेचा उतारा अंदाजाने करू नका, जाणकाराकडे स्कॅन पाठवा.

दुसरी बाजू

तुमच्याकडे आलेली पत्रे आहेत; गेलेली पत्रे दुसऱ्या कोणाच्या घरी किंवा संस्थेत आहेत. शोधायची सुरुवात घेणाऱ्याच्या शेवटच्या पत्त्यावरून आणि त्याने आपले ग्रंथ कोणाला दिले त्यावरून करा, कारण पुस्तकांबरोबर कागदही जातात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, सीतामऊचे नटनागर शोध संस्थान, पर्वरीचे झेवियर संशोधन केंद्र, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार ही ठिकाणे आधी पाहावीत. विचारताना 'अमुक यांची पत्रे आहेत का' असे मोघम लिहू नका. तुमच्या नोंदवहीतून पाच-सात तारखा काढा, 'या तारखांच्या उत्तरांचा शोध आहे' असे लिहा. कारकुनाला शोधता येईल असा प्रश्न असेल तरच उत्तर येते.

दुसरी बाजू मिळेपर्यंत एकतर्फी गठ्ठ्यावरून निवाडे देऊ नयेत. पुण्यातल्या इतिहास संशोधकांचे आणि जदुनाथ सरकारांचे शिवकालावरून तीव्र मतभेद होते, आणि खासगी पत्रांत दोन्हीकडची माणसे एकमेकांविषयी छापील लेखांपेक्षा फार मोकळे लिहितात. अशा ओळी सुट्या काढून मिरवणे सोपे असते. त्या ओळीआधी कोणता लेख आला होता, कोणते कागद पाहायला नाकारले गेले होते, हे शेजारी मांडता येत नसेल तर थांबावे.

छापण्याआधी

कागद घेणाऱ्याच्या वारसांचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. ट्रंक आपली म्हणून पत्रे आपली, ही समजूत सर्रास आहे आणि चुकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्याची ६० वर्षे त्या प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे आजवर न छापलेल्या पत्राचे घड्याळ अजून सुरूच झालेले नसते. एक सवलत आहे: लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा अशा संस्थेत ठेवलेले अप्रकाशित लिखाण अभ्यासासाठी किंवा प्रकाशनासाठी वापरता येते, पण लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षांहून अधिक काळ लोटलेला हवा. घरच्या ट्रंकेतल्या गठ्ठ्याला ही सवलत लागू नाही. म्हणून पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग हा, की नोंदवही आणि स्कॅन पुरे झाल्यावर मूळ पत्रे संस्थेकडे रीतसर पावती घेऊन द्यावीत, आणि पावतीत पत्रांची संख्या, क्रमांक कोठून कोठपर्यंत, पाकिटे वेगळी मोजून, आणि अभ्यासकांना कधीपासून पाहायला मिळतील ते लिहून घ्यावे. संस्थेने नवे क्रमांक घातले तरी तुमचे पेन्सिलीचे क्रमांक पुसू नयेत, हीही अट त्याच कागदावर घालावी.